गाडीशेजारी चहा

हाडांच्या डॉक्टरांकडे दाखवायला आलेल्या, शिवणकाम करणाऱ्या बाईंचा नंबर शेवटचा होता. ऐकायचं नाही म्हटलं, तरी पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोकडे त्यांचा कान गेलाच. नवऱ्याच्या मांडीवर हेल्मेट होतं.

"डॉक्टरांना खरं सांगा. पडलात."

"मी कुठे पडलो? उभी मोटारसायकल आडवी झाली. सामानाचं वजन."

"मग कुणाला तरी थांबवायचं ना! रस्त्याला ट्रक होते, गाड्या होत्या, तुम्हीच म्हणालात."

"होत्या गं. पण सत्तरीचा माणूस, हजार किलोमीटर आलेला, आणि स्वतःची गाडी उचलेना. कसं दिसतं ते? म्हणून शेजारी चादर अंथरली, थर्मास काढला आणि चहा पीत बसलो. कुणी आपणहून विचारलं, तर म्हणणार होतो, जरा हात लावता का."

"मग?"

"लोक हसून हात हलवायचे आणि पुढे जायचे."

"किती वेळ?"

"चहा संपला. मग रिकामाच कप तोंडाला लावत होतो."

बाईंनी घाईघाईनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

"आणि शेवटी एकट्यानंच उचललीत, म्हणून कंबर धरली."

"हो. आता डॉक्टर गाडी बंद करा म्हणतील."

"म्हणू देत. मीही विचारणार आहे, मागे बसले तर माझे गुडघे चालतील का."

"तू? तुला गाडी उचलणार आहे का?"

"मी कशाला उचलू? मी रस्त्यात उभी राहून लोकांना हाका मारीन. मला नाही लाज वाटत."

नवऱ्यानं मांडीवरचं हेल्मेट उलटंसुलटं करून पाहिलं.

"ते हेल्मेट द्या इकडे. डोक्याला बसतं का बघते."