सगळ्या फॉर्मांना एकच फंक्शन

— नाही हो, माझ्याकडे कशाला आलात, तिच्याकडे जा की, माझ्या धाकट्या जाऊबाईंकडे! दातांच्या दवाखान्याची ही वेबसाइट आता त्यांचीच ना — मी आपली अडगळीतली. मी आधी काय करायचे? प्रत्येक फॉर्मला वेगळं फंक्शन, कोडचा वेगळा तुकडा. नोंदणीचं बटण दाबलं की हे, वेळ मागितली की ते, तक्रार केली की तिसरं — कुणाचा पाय कुणाच्या पायात नाही. ही आली नि म्हणाली, ताई, हे सगळं सारखंच तर आहे, एकच लिहू आणि सगळ्या फॉर्मांना तेच जोडू. झालं! साहेबांनी सगळ्यांसमोर माझं पानभर काम पुसलं, वर टाळ्या. घरी सासूबाईंना जावास्क्रिप्ट म्हणजे खायचं की ल्यायचं ते ठाऊक नाही — पण धाकटीने मोठीचं काम चार ओळींत उरकलं, हे शेजारणीला सांगून झालं! जळते म्हणा हवं तर, जळतेच मी. तिला इथे चिकटवली कुणी? मीच. आणि आता टीमची प्रमुख तिला करणार म्हणे, उद्या ठरतंय — म्हणजे मी रजा मागायची ती माझ्या धाकट्या जावेकडे?

बरं, तुम्हाला तपासताना काय सापडलं म्हणालात? नोंदणी भरली तरी रिकामी तक्रारच जाते? अरेरे. अहो, एकच फंक्शन सगळ्यांना द्यायचं तर त्याने आधी बघायला नको, कोणत्या फॉर्मचं बटण दाबलंय? जो फॉर्म हाक मारेल त्याचंच वाचायचं. तिथे तर सरळ तक्रारीच्या फॉर्मचं नाव लिहून ठेवलंय — मग कुणी काहीही भरा, ते वाचणार तक्रारच. नाही, फाइल उघडायला कशाला हवी, दुसरीच ओळ आहे — कसं कळलं म्हणजे? अनुभव हो, अनुभव! आणि हातच्या कांकणाला आरसा कशाला, बदलांची नोंद समोरच आहे — तिच्याच नावावर, तिच्याच मशीनवरून, आज जेवणाच्या सुट्टीत. साहेबांना तेवढं दाखवा, मी सांगितलं म्हणू नका.

काय?

तुमच्यासमोर बसून जेवत होती? सुट्टीभर? उठलीच नाही? — अहो, पण मशीन तर ती उघडंच टाकून —

काही नाही. निघा तुम्ही आता, मला कामं आहेत.