काशीनाथ भोईर यांना आलेले बोलावणे

दि. २४/११/१९९३

मी, ईश्वर बाळू म्हात्रे, वय वर्षे ६१, धंदा पूर्वी मिठागरावर मुकादम, आता घरीच, राहणार मुर्धा, भाईंदर पश्चिम. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो ते असे.

काशीनाथ भोईर, वय अंदाजे ५५, हा माझा शेजारी. मिठागरावर आम्ही बरोबर कामाला होतो आणि टेरिटोरियल आर्मीतही बरोबरच भरती झालो. वर्षातून एकदा कॅम्प, लढाई लागली की बोलावणे, एरवी आपापले काम, अशी ती नोकरी. बोलावण्यावर काढलेला काळच पेन्शनला धरतात. तो आम्हा दोघांचाही कमी भरला, म्हणून पेन्शन बसली नाही. मी ते सोडून दिले. काशीनाथच्या मनातून ते गेले नाही.

खाडीकडे त्याचे भाताचे शेत आहे, त्याला लागून माझे. दसऱ्यानंतर बांधकामवाल्यांची माणसे शेत विकत मागायला दोघांकडे येऊन गेली. काशीनाथ त्यांना म्हणाला, "सरकारनं पेन्शन दिली न्हाय, आता ह्या शेतावरच म्हातारपन काढायचा हाय." चहा पाजून त्यांना वाटेला लावले. मीही नाहीच म्हणालो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात जीप आली. दोन माणसे, खाकी कपडे, बारीक कापलेले केस. मी ओट्यावर दात घासत होतो. जुन्या लोकांना पुन्हा बोलावतायत, कमी पडलेली सेवा भरून निघेल, पेन्शन सुरू होईल, असे त्यांनी सांगितले. मी म्हणालो, "काशा, म्हाताऱ्या बैलाला कोन जुंपतो रं?" तो हसला. म्हणाला, "तुला बोलावला न्हाय म्हनून जलतस काय, दादा?"

निघणाऱ्याला 'कुठे' म्हणून विचारायचे नाही अशी आमच्याकडे रीत आहे. लढाईच्या वेळी कोणी विचारले नव्हते आणि आम्ही दोघेही सुखरूप घरी आलो होतो. त्याची बायको आनंदी हिने हातावर गूळ ठेवला. खाकीतल्या एकाने त्याची लोखंडी पेटी उचलली, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. फौजेत कोणी दुसऱ्याची पेटी उचलत नाही. तरी माझ्या तोंडून 'कुठे' निघाले नाही.

जीप हायवेच्या बाजूला न जाता खाडीच्या रस्त्याला वळली. तो रस्ता मिठागरापाशी संपतो.

शुक्रवारी त्याच्या शेताला तारेचे कुंपण पडले. आत भात कापायचे उभेच आहे. तिथला माणूस मला म्हणाला, "मालिक खुशी से देके गया, बाबा. तुम घर जाव." आनंदीला मी कुंपणाचे सांगितलेले नाही. ती रोज विचारते, "भावजी, क्यांप कवा सुटल?" मी सांगतो, सुटेल.

काल तीच जीप माझ्या दारात आली. मी बाजारात होतो. माझी सून सुगंधा हिला ते सांगून गेले, "बाबांचीही सेवा कमी आहे. तयार राहायला सांगा." पोरीने आनंदाने माझी पेटी माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे.

काशीनाथचा शोध घ्यावा ही विनंती. उद्या मी बोलावण्यावर गेलो असे कोणी सांगितले, तर ते खरे धरू नये, आणि शोध खाडीच्या रस्त्याने सुरू करावा.

हे सारे मला वाचून दाखवले. बोललो तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करतो.

ईश्वर बाळू म्हात्रे