पाठ दाखवली

यशराज : पत्र मिळालं होतं ना, सर? सुहाना म्हणती, माझं पत्र सरांना मिळालंच नसंल. मिळालं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं.

सर : मिळालं. बेंदराच्या सणाच्या सुमाराला. उत्तर… राहून गेलं.

विठाबाई : राहून कशाचं गेलंय? रोज सकाळी टेबलाशी बसत्यात आणि दुपारी फाडून टाकत्यात. बायको हाय म्हणून मला ठावं. चहा घे रे.

सर : तू त्यासाठी आलास?

यशराज : मी आलोय अहवालासाठी. कॉलेजच्या यंदाच्या अंकातबी क्रीडा विभागाचा अहवाल तुम्हीच लिहायचा म्हणाले प्राचार्य. सर रिटायर झाले तरी त्यांच्यासारखं लिहिणारं कोण न्हाई म्हणाले.

सर : नको रे. माझ्यासारखं तर नकोच.

विठाबाई : आधी त्या पोरीचं सांग. मला ह्यांनी ते पत्र दाखवलेलं न्हाय.

यशराज : सुहाना मलकापूरची, काकू. वडील इलाहीभाई, शिलाईचं दुकान हाय त्यांचं. ही हॉस्टेलला असती. सकाळी तळ्यावर रोइंग, संध्याकाळी आमच्याबरोबर ट्रॅकवर पंधराशे मीटर. गेल्या साली एक दिस चुकली न्हाई. तळहाताची कातडी निघाली तर पट्टी बांधून यायची. शेवटाला ती आणि निशिगंधा, दोघींची बोट, फायनलला गेली. आपल्या कॉलेजची पहिलीच. चौथ्या आल्या.

विठाबाई : मग चांगलंच झालं की.

यशराज : चांगलंच. पण गेल्या अंकातल्या अहवालात… सर, तुम्ही सांगता?

सर : तूच सांग.

यशराज : 'वर्षाच्या अखेरीस आमच्या सुहाना व निशिगंधा यांनी अंतिम रेषेला पाठ दाखवली आणि चौथ्या क्रमांकावर समाधान मानले.'

विठाबाई : पाठ दाखवली? म्हंजे पळाल्या?

सर : तसं नाही गं. रोइंगमध्ये वल्हवणारा उलटा बसतो. जिथं पोचायचं त्या रेषेकडे त्याची पाठ असते. मला त्यात शब्दाची एक गंमत दिसली.

विठाबाई : आणि ती कळली कुणाला?

सर : मला.

यशराज : इलाहीभाईंनी दुकानात मोठ्यानं वाचला ओ अंक. गिऱ्हाईकं बसलेली, शेजारचा पानपट्टीवाला आलेला. पोरीचं नाव छापून आलंय म्हणून. ती ओळबी तशीच मोठ्यानं वाचली. कुणीतरी म्हणालं, काय इलाहीभाई, पोरगी फायनलमधनं पळाली व्हय? सगळी हसली.

विठाबाई : अगं बाई.

यशराज : तवापास्नं त्यांनी तिचं येणं बंद केलंय. सोमवारी कॅम्प सुरू होतोय. निशिगंधा एकटी बोट पुसत बसती. दोघींची बोट एकटीनं कशी चालवायची?

विठाबाई : मग तू फोन करून सांगायचं की त्यांना.

यशराज : केला. तर म्हणाले, तू तिचा दोस्त, तू तिच्याच बाजूनं बोलणार. सरांनी छापलंय, आणि सर काठावर बसून बघत होते असंबी त्यात हाय. बघणाऱ्यानं लिहून द्यावं, माझी पोरगी पळाली न्हाई म्हणून. लगेच पाठवतो. सुहानानंबी पत्रात तेच मागितलंय.

विठाबाई : एवढंच? अहो, मग द्या की लिहून! दोन ओळींचं काम.

सर : तेच मला लिहिता येत नाही.

विठाबाई : का?

सर : मी तिथं नव्हतो.

यशराज : नव्हता म्हंजे? 'धुक्यातून बोट पुढे सरकताना मी काठावरून पाहिली…'

सर : धुकं मी घातलं. होतं का धुकं?

यशराज : अकरा वाजता, सर? ऊन मी म्हणत होतं. आम्ही वाचून हसलो. वाटलं, साहित्यात असंच लिहीत असतील.

विठाबाई : पर त्या दिवशी तुम्ही टोपी घालून गेलता की! मी रिक्षा थांबवून दिली.

सर : तळ्याच्या फाटकापर्यंत गेलो. आत सगळी पोरं, ढोल, आरडाओरडा. वाटलं, कुणी विचारलं की सर, कोण पुढं आहे, तर काय सांगू? मला बोटीही ओळखू येणार नाहीत. तसाच वाचनालयात जाऊन बसलो. संध्याकाळी निकाल कळला, त्यावरून लिहिलं.

विठाबाई : म्हंजे पळाला ते तुम्ही.

सर : हो.

यशराज : जाऊ द्या, काकू.

सर : जाऊ कशाला द्यायचं? एका पत्रात मी लिहिलं, 'मी डोळ्यांनी पाहिलं.' फाडलं. मग शब्दाचा अर्थ समजावून लिहिला. तीन पानं झाली.

विठाबाई : दुकानदाराला तीन पानं! बाही उसवली तर माणूस बाही शिवतो. नवा कोट न्हाय शिवत.

सर : यशराज, काय झालं होतं त्या दिवशी? तू होतास ना?

यशराज : होतो की. निम्म्यात निशिगंधाचं वल्हं पाण्यात अडकलं. बोट गपकन थांबली. सगळ्या पुढं गेल्या, ह्या सहाव्या, शेवटच्या. निशिगंधा रडाय लागली. निशिगंधानं नंतर सांगितलं, सुहाना पाठीमागनं नुसतं एवढंच म्हणाली, 'चल की गं.' आणि दोघींनी असं काय वल्हवलं, सर! दोन बोटी मागं टाकल्या. रेष ओलांडली तरी थांबंनात. भोंगा वाजलेला ऐकूच आला न्हाई. आम्ही काठावरनं बोंबलतोय, बास, बास, संपली! काठाला लागल्या तर सुहानाची बोटं वल्ह्यावरनं सुटंनात. एकेक करून सोडवली.

सर : आणि मी लिहिलं, समाधान मानले.

विठाबाई : बसा आता. मी कागद देते. आणि फाडायला मिळायचा न्हाय, सांगून ठेवते.

(बऱ्याच वेळाने.)

सर : वाचतो. 'इलाहीभाई, नमस्कार. सुहाना पळाली नाही. रेष ओलांडल्यावरही ती वल्हवत होती. बोटीत उलटं बसावं लागतं, त्यावरून मी एक विनोद केला. तो वाईट होता. मी काठावर होतो हे मी खोटं लिहिलं. मी तळ्याच्या फाटकाच्या आत आलोच नव्हतो. यशराज होता. तो सांगेल ते खरं धरावं. सुहानाने पत्र लिहिलं होतं, त्यालाही मी उत्तर दिलं नाही. तिची आणि तुमची माफी मागतो. तिला सोमवारी पाठवावं, ही विनंती.'

विठाबाई : आता कळतंय.

यशराज : सर, 'खोटं' हा शब्द… चुकून म्हणा की. ते दुकानात वाचतील.

सर : थांब, खाली एक ओळ घालतो. 'हे पत्र कृपया दुकानात मोठ्याने वाचावे.'

विठाबाई : अहो…

सर : असू दे.

(शिवाजी पेठेतलं पोस्ट.)

यशराज : मी गाडीवरनं नेऊन दिलं असतं की मलकापूरला. तासा-दीड तासाचं काम.

सर : तुझ्याकडे दिलं असतं तर वाटेतल्या बांबवड्याला पोचायच्या आत फोन करून परत बोलावलं असतं मी.

यशराज : स्पीड पोस्ट म्हणा. उद्या मिळंल.

सर : खिडकीवर तूच सांग.

यशराज : झालं, सर. घेतलं त्यांनी आत. ही पावती.

सर : कुठं ठेवलं?

यशराज : त्या मागच्या पोत्यात. चला.

सर : तू हो पुढं. ते पोतं उचलून नेईपर्यंत मी इथं थांबतो.