तालमीतले चार दिवस

पाळीत व्यायाम करावा का म्हणून विचारताय, तर आमच्या तालमीचं ऐका. तिथं मारुतीची मूर्ती आहे, म्हणून दर महिन्याला चार दिवस मला तालीम बंद. वस्ताद म्हणजे माझे चुलते, आप्पा. ते तोंडानं कधी बोलले नाहीत, चुलतीच सांगायची, "त्या दिवसांत जोर-बैठका नको गं, अंगाला बाधतं." आणि त्याच चार दिवसांत गाईच्या चाऱ्याचे भारे मीच आणायची. ते काही बाधत नव्हतं.

गेल्या वर्षी मिरजगावच्या मैदानात शेवटची, मानाची कुस्ती माझी आणि नेमका पाळीचा दुसरा दिवस. मी आप्पांना सरळ सांगून टाकलं. ते आभाळाकडं बघत म्हणाले, "मैदानात काय मारुती न्हाई. खेळ तू."

खेळले, आणि चांदीची गदा जिंकले. संध्याकाळी गावानं वाजतगाजत तालमीपर्यंत आणलं. आप्पा म्हणाले, "गदा मारुतीच्या पायाशी ठिव."

मी उंबऱ्यातच थांबले. हळूच म्हणाले, "आप्पा, अजून दुसराच दिवस हाय."

त्यांनी मागं मोबाईल धरून उभ्या असलेल्या गर्दीकडं बघितलं आणि म्हणाले, "जा आत. मारुतीला कुठं कळतंय."

पुढच्या महिन्यात मात्र मारुतीला पुन्हा कळायला लागलं.