माझा आठवडा, तुझा आठवडा

हाताचे टाके काढायला आलेल्या शिंप्याचा नंबर काही लागत नव्हता, म्हणून त्याने कान शेजारच्या बाकाकडे लावले. तिथल्या भावाबहिणीच्या म्हाताऱ्या आईला आत ऑपरेशनला नेलं होतं.

"शनिवारीच पोट दुखतंय म्हणाली, ताई. संडासला रक्तही पडलं होतं."

"आणि रविवारी माझ्या दारात सोडून गेलास?"

"माझा आठवडा संपला होता. म्हटलं, तुझा डॉक्टर बरा आहे."

"मला वाटलं, दाखवूनच आणलंस. मी आपली दोन दिवस मूळव्याधीच्या गोळ्या देत बसले."

"आतड्याला रक्तच पोचत नव्हतं म्हणे. काळं पडलेलं सगळं कापणार."

"तू विचारलं नाहीस तिला, डॉक्टरकडे जाऊ या का म्हणून?"

"विचारलं. म्हणाली, उद्या ताईकडे जायचंच आहे, आता कशाला धावपळ?"

"मला म्हणाली, कालच तर आले, लगेच तुझ्यामागे कटकट कशाला?"

शिंप्याचा नंबर पुकारला. तो जागचा हलला नाही.

सिस्टर बाहेर आली. "ऑपरेशन झालंय, पण धोका टळलेला नाही. संडाससाठी पोटाला पिशवी लावलीय. आजी कुणाकडे असतात?"

"आज मंगळवार. माझ्याकडे," बहीण म्हणाली.

"नाही सिस्टर," भाऊ म्हणाला, "शनिवारपासून माझ्याकडेच धरा."