खोटी खिडकी

पूर्णिमा : …आता अख्खं दिसतंय ना, आई? मी पार फाटकापाशी आलेय.

आई : दिसतंय गं. फोन जरा हळू फिरव, गरगरतंय मला. बाबा कुठेत?

पूर्णिमा : किलकेनीला, वकिलाच्या ऑफिसात. कागद समोर ठेवून बसलेत. तू हो म्हटल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले, आणि ऑफिस पाचला बंद होतं. बघ ना त्या टोकदार कमानी. दोन-दोन फूट जाड दगडी भिंती. मालकीणबाई सांगत होत्या, त्यांच्या पणजोबांना शेतावरचं घरसुद्धा जुन्या चर्चसारखंच हवं होतं, गावभर हसले म्हणे लोक. आपण नाही घेतलं तर इथला भाडेकरार संपला की डिसेंबरात परत डब्लिनला, बॉल्सब्रिजचा तो फ्लॅट आणि मी सोफ्यावर.

आई : कळलं. धनत्रयोदशीला दिवे छान लावलेस हं. बारा खिडक्या का?

पूर्णिमा : अकरा. मोजून अकरा पणत्या लावल्यात, एका खिडकीत एक.

आई : मला बारा दिसतायत. वर सहा, खाली सहा.

पूर्णिमा : वरची डावीकडची शेवटची धरू नकोस, ती खोटी आहे. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून नुसती कमान केलीय, आत दगड भरलेत. तिच्यामागे खोलीच नाही.

आई : अगं, तिच्यातलीच ज्योत सगळ्यात मोठी आहे.

(पूर्णिमा मान वर करून बघते.)

आई : बघितलंस?

पूर्णिमा : बघतेय.

आई : हे बघ, काही वेडंवाकडं असेल तर आत्ता सांग. मी नाही म्हणते, बाबा उठून येतील. मार्चपासून मी नागपुरात अडकलेय, ते घर मी कधी बघितलंसुद्धा नाही. तू सांगशील तेच मी खरं धरणार.

पूर्णिमा : …माझाच घोळ झाला. खोटी खिडकी मागच्या बाजूला आहे. इथे बाराच आहेत. पणत्यापण बाराच.

आई : नक्की?

पूर्णिमा : नक्की. सगळं ग्रँड आहे, आई.

आई : बरं बाई. मग कळवते बाबांना, करा म्हणावं सही.

पूर्णिमा : थँक्यू.

आई : आणि अगं, वरची ती पणती आत्ता कुणीतरी उचलली बघ. मालकीणबाई आल्यात वाटतं. त्यांना सांग, इतकी तोंडाजवळ धरू नका, केसांना लागेल.

पूर्णिमा : सांगते.