प्रश्नचिन्ह मी घातले

नाव : सर. (सगळे याच नावाने ओळखतात, खरे नाव वेगळ्या कागदावर दिले आहे.) वय : ६१. धंदा : राहत्या घरी पुढच्या खोलीत इंग्रजीचे क्लास. राहणार : शिंप्याच्या दुकानावर, पहिला मजला.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. पत्नी, वय ५७, तीन वर्षांपासून माझ्याच क्लासात शेवटच्या बाकावर बसते. या वयात हे काय खूळ, असे मी तिला चारचौघांत म्हटलेले आहे. तरी ती बसते. सरावाची वाक्ये लिहून टेबलावर ठेवते, मी ती तपासतो.

आज दुपारी अडीच वाजता टेबलावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी दिसली. इंग्रजीत होती : "शुड आय नॉट रिटर्न, लॉक द बॅक डोअर." ती घरात नव्हती, वाण्याकडे गेली असेल असे वाटले. माझ्या क्लासात पहिल्या दिवसापासून एक नियम घोटून घेतला जातो. इंग्रजीत कर्ता पुढे, क्रियापद त्याच्या मागे. 'शुड'सारखे सहाय्यक क्रियापद उठून कर्त्याच्या आधी बसले की प्रश्न. म्हणून मी 'मी परत येऊ नये का?' असा अर्थ लावला. ती प्रश्नचिन्ह विसरली होती. ते मी लाल पेनने घातले, खाली 'यस, यू शुड' असे उत्तर लिहिले, पाचपैकी चार गुण दिले आणि आडवा झालो.

झोपेत क्लास भरला होता. बाकांवर मुले नव्हती, शब्द बसले होते. ते हळूच उठून एकमेकांच्या जागा घेत होते आणि पावलांचा आवाज होत नव्हता. माझ्या खुर्चीत पत्नी होती, मी शेवटच्या बाकावर होतो. खिडकीतून ऊन पाण्यासारखे आत येऊन घोट्यापर्यंत साचले होते. मला फार बरे वाटत होते. हवालदारसाहेब म्हणाले, "सर, स्वप्नं जबाबात घेत नाहीत." मी म्हटले, "घ्या. त्या वेळी मी कुठे होतो हे तुम्हीच विचारलंत."

साडेचारला उठलो. पत्नी आलेली नव्हती. पाच वाजता रुग्णालयात परिचारिका असलेली विद्यार्थिनी आली. तिला मी ती चिठ्ठी उदाहरण म्हणून दाखवली. ती म्हणाली, "सर, हा प्रश्न नाहीये. इथे 'इफ' गाळून 'शुड' पुढे आणलंय. 'मी परत आले नाही, तर मागचं दार लावून घ्या,' असं लिहिलंय मॅडमनी. पुस्तकातला शेवटचा धडा आहे."

तो धडा मी एकतीस वर्षांत शिकवलेला नाही. परीक्षेला येत नाही असे सांगतो. खरे म्हणजे तो मलाच नीट कळलेला नाही. पत्नीच्या वहीत त्याची सात पाने भरलेली निघाली. मागचे दार उघडे होते. तिची निळी पिशवी जागेवर नव्हती. मी तसाच ठाण्यावर येऊन ती हरवल्याची तक्रार दिली.

भांडण झाले होते काय, असे विचारले असता सांगतो की, नाही. आमच्यात भांडण होऊ शकत नाही, कारण वाक्य ती सुरू करते आणि संपवतो मी. मराठीत क्रियापद शेवटी येते, तोवर मला धीर धरवत नाही. ती "मला बहिणीकडे" एवढे म्हणते, तोच मी "जाऊन आलीस की गेल्या महिन्यात" म्हणतो. इंग्रजीत क्रियापद लवकर येते. तिला इंग्रजी कशाला हवे होते ते मला आज या ठाण्याच्या बाकावर बसल्यावर कळले. मला स्वतःची लाज वाटते.

सहा चाळीसला हवालदारसाहेबांनी माझ्या मेहुणीच्या घरी फोन लावला. पत्नी तिथेच होती. फोन माझ्या हातात दिला. ती म्हणाली, "अहो, मी आता घरी…" आणि सवयीने थांबली. मी काही बोललो नाही. तिकडे कुणीतरी भांडी लावत होते, तो आवाज येत राहिला. हवालदारसाहेबांनीही लिहिणे थांबवले.

"ऐकताय ना?" तिने विचारले.

"हो."

"मी आता घरी कधी यायचं, ते माझं मी ठरवणार."

तिचे वाक्य पूर्ण झाले. मी "बरं" म्हटले.

पत्नी सुखरूप असल्याने ती हरवल्याची तक्रार मागे घेता काय, असे विचारले असता, तिला विचारून सांगतो, असे मी म्हटले.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. मी सांगितला तसाच उतरला आहे, बरोबर आहे. सही.